काम देणारा पैसे मागत नाही

'तुमची प्रोफाइल आमच्या टीमला आवडली, जाहिरातीसाठी तुमची निवड झाली आहे.' सोलापूर, जळगाव, रत्नागिरीत रील करणाऱ्या मुलामुलींना इन्स्टाग्रामवर असा मेसेज आला की आनंद होणारच. भामट्यांचं फावतं ते याच उमेदीवर. ही मुलं बावळट नसतात. या धंद्याची रीत त्यांना कुणी सांगितलेली नसते, एवढंच.

गैरसमज : निवड झाल्यावर नोंदणी, पोर्टफोलिओ किंवा 'आर्टिस्ट कार्ड'चे पैसे भरावेच लागतात.

जाहिरातीचा पैसा ब्रँडकडून निघतो आणि एजन्सीमार्फत मॉडेलकडे येतो. एजन्सी आपलं कमिशन या मानधनातून कापून घेते. पोर्टफोलिओ लागतो हे खरं, पण तो आपल्या पसंतीच्या फोटोग्राफरकडून करून घेता येतो. सुरुवातीला तर खिडकीच्या उजेडात, मेकअपशिवाय, साध्या कपड्यांत मोबाइलवर काढलेले फोटोही चालतात. 'आमच्याच स्टुडिओतून करा' असा हट्ट धरणाऱ्याचा धंदा फोटो विकण्याचा असतो, काम देण्याचा नसतो. परत मिळणारं डिपॉझिट, कपड्यांचा खर्च, कुरिअर, जीएसटी ही एकाच मागणीची वेगवेगळी नावं आहेत. पहिली रक्कम मुद्दाम लहान ठेवतात. शंका आली तरी 'एवढ्याने काय होतंय' म्हणून माणूस ती भरतो, आणि मग भरलेले पैसे बुडू नयेत म्हणून पुढचेही भरत जातो.

'मानधन सोडवायला आधी टीडीएस पाठवा' ही तर शुद्ध थाप. टीडीएस पैसे देणाराच कापतो आणि सरकारकडे भरतो. महागड्या भेटवस्तूंवर कराचा प्रश्न येतो खरा : एकाच कंपनीकडून वर्षाला 20 हजार रुपयांहून जास्त किमतीच्या वस्तू मिळाल्या, तर जुलै 2022 पासून त्यांवर 10 टक्के टीडीएसची तरतूद आहे. पण तो कर तुमच्या पॅनवर सरकारी खात्यात जमा होतो. कुणाच्या यूपीआयवर पाठवायचा नसतो.

लहान मुलांच्या मॉडेलिंगच्या नावाने चालणारा प्रकार मला सर्वांत संतापजनक वाटतो. आईबाबांना टेलिग्रामच्या ग्रुपवर घेतात आणि 'निवडीसाठी ब्रँडच्या वस्तू खरेदी करा, पैसे कमिशनसकट परत मिळतील' असं सांगतात. पहिल्या एकदोन खरेदींचे पैसे खरोखर परत येतात. तिथेच विश्वास बसतो आणि पुढची मोठी रक्कम कायमची जाते.

गैरसमज : निळी खूण आहे, लाखभर फॉलोअर आहेत, म्हणजे खातं खरं.

2023 पासून फेसबुक-इन्स्टाग्रामवर निळी खूण दरमहा पैसे भरून मिळू लागली. फॉलोअरही विकत मिळतात. शिवाय खऱ्या माणसाचं चोरलेलं खातं वापरूनही असे मेसेज पाठवले जातात. समोरच्याने दिलेल्या नंबरवर खात्री करून उपयोग नाही. ब्रँडच्या मूळ वेबसाइटवरचा संपर्क स्वतः शोधा आणि तिथे विचारा.

गैरसमज : मी पैसे दिलेच नाहीत, मग मला काय धोका?

ऑक्टोबर 2021 मध्ये गूगलच्या तज्ज्ञांनी यूट्यूबरांवरच्या हल्ल्यांची पद्धत उघड केली. अँटिव्हायरस, व्हीपीएन किंवा गेमच्या प्रचाराचा प्रस्ताव यायचा, सोबत 'वापरून बघा' म्हणून सॉफ्टवेअर. ते उघडलं की ब्राउझरमधल्या लॉगिनच्या कुकीज चोरीला जायच्या. लॉगिन आधीच झालेलं असल्याने चोराला ना पासवर्ड लागायचा ना ओटीपी. मार्च 2023 मध्ये लायनस टेक टिप्स या कॅनडातल्या बड्या चॅनेलचा ताबाही असाच गेला. प्रायोजकत्वाच्या प्रस्तावाची वाटणारी एक फाइल तिथल्या कर्मचाऱ्याने उघडली होती. रोज तंत्रज्ञानावर बोलणारी माणसं जिथे फसली, तिथे कॉलेजातल्या मुलीला कोणत्या तोंडाने दोष द्यायचा?

दुसरा धोका फोटोंचा. अंतर्वस्त्रांच्या ब्रँडची 'टेस्ट' किंवा व्हिडिओ कॉलवर ऑडिशन म्हणून कमी कपड्यांत यायला सांगतात, रेकॉर्डिंग करतात आणि मग ते घरच्यांना पाठवण्याची धमकी देतात. खरी एजन्सी पहिल्याच ओळखीत असं काही मागत नाही. मुलगा किंवा मुलगी अठराच्या आतली असेल, तर हा बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्याखालचा गंभीर गुन्हा आहे. धमकी आली तर पैसे देऊ नका, कारण एकदा दिले की मागणी वाढते.

गैरसमज : तक्रार करून काही होत नाही, उलट आपलीच अब्रू जाते.

पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकण्याआधी खबर पोचली, तर बँक ते रोखून धरू शकते. म्हणून इथे तासातासाला महत्त्व आहे. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. चॅट डिलीट करू नका. स्क्रीनशॉट, व्यवहाराचा क्रमांक, खात्याची लिंक जपून ठेवा. संगणक किंवा मोबाइल वापरून तोतयेगिरीने फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-डी खाली गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. खासगी फोटो पसरण्याची भीती असेल, तर सज्ञान व्यक्तींसाठी स्टॉपएनसीआयआय ही मोफत सेवा आहे. तिथे फोटो अपलोड होत नाही. त्याचा फक्त डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो आपल्या मंचावर अडवतात.

आणि पालकांनो, मुलगी रडत सांगायला आली तर 'तुला कुणी सांगितलं होतं' हे पहिलं वाक्य नको. आधी 1930 लावा.