बीएस-६ डिझेल घेताय? आधी डीपीएफ समजून घ्या
१ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत एक गाळणी बसलेली असते: डीपीएफ. ती काजळी अडवते आणि भरत आली की इंजिन जादा डिझेल सोडून ती काजळी सुमारे ६०० अंशांवर जाळतं. यालाच रिजनरेशन म्हणतात.

गोची इथेच आहे. या कामाला सलग पंधरा-वीस मिनिटं धावणारी गाडी लागते. रोज सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तीन-चार किलोमीटर रखडणाऱ्या गाडीला ती संधी कुठून मिळणार? आयडलिंगचा आरपीएम थोडा चढलाय, पंखा जोरात घोंघावतोय, अ‍ॅव्हरेज अचानक पडलंय, असं दिसलं तर रिजनरेशन चालू आहे असं समजा; गाडी बंद करू नका, एक चक्कर मारा. प्रक्रिया वारंवार अर्धवट राहिली तर न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी *वाढलेली* दिसली तर खूश होऊ नका, गॅरेज गाठा.

ऑइलही कमी राख सोडणारं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. राख जळत नाही, गाळणीत साचतच जाते.

मॉडिफिकेशन? सीट कव्हर, मॅट, चांगले टायर, खुशाल करा. पण 'डीपीएफ काढून रिमॅप करून देतो' म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार! ते बेकायदा आहे, वॉरंटीही जाते.

आणि रोजचं धावणं फक्त शहरात, तेही थोडंच असेल, तर सरळ पेट्रोल घ्या.