पावसाचे पाणी, खारे पाणी आणि जुनी शिडाची होडी

लाकडी होडी समुद्राच्या पाण्याने कुजते अशी सर्वसाधारण समजूत आहे. कोकणातल्या एखाद्या जुन्या नावाड्याला विचारले तर तो वेगळेच सांगेल. होडीला भीती असते ती पावसाची. यामागचे विज्ञान सोपे आहे, पण एखादी जुनी होडी स्वतः खोलून पाहिल्याशिवाय ते नीट पटत नाही. आम्ही तिघा सहकाऱ्यांनी मिळून मुंबईच्या बंदरात वापरलेली अशी एक होडी विकत घेतली आणि ती पुन्हा पाण्यात घातली. तिच्यात आमची मुले बसणार होती. त्यामुळे प्रत्येक जोड, प्रत्येक तार तपासण्याला पर्याय नव्हता. या कामात शाळेच्या पुस्तकातले पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र पावलोपावली भेटले, म्हणून हा लेख.

होडी ‘एंटरप्राइज’ जातीची. जॅक होल्ट या इंग्रज रचनाकाराने १९५६ साली तिचा आराखडा केला. लांबी ४.०४ मीटर, रुंदी सुमारे १.६ मीटर, रिकाम्या सांगाड्याचे वजन ९० किलोच्या आसपास, दोन शिडे मिळून क्षेत्रफळ सुमारे १० चौरस मीटर. शिडांचा निळा रंग ही तिची ओळख. दोघांनी चालवायची ही होडी भारतातही अनेक वर्षे शिकाऊ आणि स्पर्धक खलाशांच्या हाताखाली राहिली. आमची होडी प्लायवुडची. वरून पाहता ताजा चकचकीत रंग होता. आधीच्या मालकांनी तो विक्रीपूर्वीच लावला असावा. जुन्या होडीवरचा नवा रंग ही संशयाने पाहायची गोष्ट आहे.

सुरुवातीला आम्ही फक्त कान वापरले. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वीत-वीत अंतरावर ठोकत गेलो. निरोगी लाकूड टणत्कार देते. कुजलेले लाकूड भद्द वाजते, कारण त्याच्या मऊ तंतूंत ध्वनीची ऊर्जा विरून जाते. जिथे भद्द वाजले तिथे खडूची फुली केली. सगळ्या ठोकाठोकीनंतर फुल्यांचा नकाशा बोलका होता. बाहेरच्या बाजूला, जिथे समुद्राचे पाणी सतत लागते, तिथे जवळजवळ फुली नाही. फुल्या होत्या नाळेच्या आतल्या कोपऱ्यात, मागच्या उभ्या फळीच्या बुडाशी आणि डोलकाठी ज्या खोबणीत उभी राहते त्या ठोकळ्याभोवती. ही तिन्ही ठिकाणे आतली, आणि होडी जमिनीवर उघडी पडली असता पावसाचे पाणी साठण्याची.

लाकूड कुजवते ती बुरशी. तिला हवा, ऊब आणि ओल लागते. मुंबईत ऊब बारमाही आहे, हवा सर्वत्र आहे; उरली ओल. लाकडातील पाण्याचे प्रमाण कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांखाली असेल तर बुरशीचे चालत नाही. आता खारे पाणी घ्या. लोणच्यावर मिठाचा थर का देतात हे आपण मुलांना शिकवतोच. मीठ परासरणाने बुरशीच्या पेशीतले पाणी ओढून घेते. समुद्राच्या पाण्यात भिजलेल्या फळीचे थोडेफार लोणचेच झालेले असते. पाऊस मात्र ते मीठ धुऊन नेतो आणि वर गोडे पाणी ठेवून जातो. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. मिठालाही मर्यादा आहे. कायम समुद्रात उभ्या असलेल्या होडीला लाकूड पोखरणारे सागरी प्राणी लागतात. पण आमची होडी फेरी झाली की ओढून किनाऱ्यावर घ्यायची, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

ओल मोजण्याची रीत शाळेच्या प्रयोगशाळेत सहज करता येईल. फुलीच्या जागेवरून पटाशीने काढलेली ढलपी १२.४ ग्रॅम भरली. १०३ अंश सेल्सियसला वजन स्थिर होईपर्यंत सुकवल्यावर ९.६ ग्रॅम उरली. फरक २.८, भागिले ९.६, म्हणजे २९ टक्के ओल. बाजूच्या चांगल्या लाकडात ती १७ टक्के निघाली. हे मोजमाप ऑगस्टमधले. लाकूड भोवतालच्या हवेशी देवाणघेवाण करून समतोल गाठते. हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ ते ९० टक्के असेल तर हा समतोल १८ ते २० टक्क्यांना येतो आणि ६० टक्के असेल तर ११ टक्क्यांच्या जवळ. पावसाळ्यात कितीही पंखे लावले तरी होडी हवेपेक्षा कोरडी होणार नव्हती. म्हणून सडका भाग खरवडून काढला, होडी छपराखाली पालथी टेकवली आणि नोव्हेंबरपर्यंत तिला हात लावला नाही.

इथे एक खुलासा हवा. कोकणातल्या फळ्यांच्या होडीला अशी कोरडी ठेवली तर ती उलट गळू लागते. फळ्या आडव्या दिशेने आकसतात आणि सांधे उघडतात. पाण्यात राहिली की फुगून सांधे मिटतात. प्लायवुडमध्ये पातळ पापुद्रे एकावर एक काटकोनात चिकटवलेले असतात. लाकूड तंतूंच्या लांबीत फारसे फुगत नाही, त्यामुळे प्रत्येक पापुद्रा शेजारच्याला फुगण्यापासून रोखतो. फळीची होडी ओलीवर जगते, प्लायवुडची कोरडेपणावर. दोन्हींची निगा एकाच नियमाने करू नये.

नवे प्लायवुड घेताना त्यावर ‘आयएस ७१०’ हा भारतीय मानकाचा क्रमांक पाहिला. या मानकाच्या कसोटीत तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि डिंक सुटत नाही ना ते पाहतात. दुकानदार ‘मरीन’ हा शब्द फार सढळपणे वापरतात. क्रमांक आणि शिक्का पाहावा, आणि शंका असेल तर एक तुकडा घरच्या पातेल्यात निदान पाच-सहा तास उकळावा. ठिगळ लावताना कडा सरळ न जोडता तिरप्या तासल्या. जाडी ६ मिलिमीटर, तर उतार ४८ मिलिमीटर लांब, म्हणजे एकास आठ. असे केल्याने चिकटणारे क्षेत्रफळ सुमारे आठपट होते आणि ओढ पडली की डिंकाला सोलून निघण्याऐवजी घसरण्याचा ताण सोसावा लागतो, जो तो उत्तम सोसतो. इपॉक्सी राळ आणि तिचा कठीणकारक मिसळला की उष्णता सुटते. खोल डब्यात ती अडकते, मिश्रण तापते, तापल्याने अभिक्रिया आणखी वेगाने होते आणि डबा हातात असतानाच दगड होतो. उथळ ताटलीत तेच मिश्रण बराच वेळ कामाला येते. अभिक्रियेचा वेग आणि तापमान यांचे नाते शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

डोलकाठी खाली दाबते

शिडावर वारा आडवा जोर लावतो, मग डोलकाठीच्या खालचा ठोकळा का चिरडतो? हिशोब ढोबळ आहे पण पुरेसा आहे. सेकंदाला ६ मीटर वाऱ्यात १० चौरस मीटर शिडावर सुमारे २८ किलो वजनाइतका जोर येतो. जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८ मीटरला तो ५० किलो होतो, १२ मीटरला ११२. हा जोर पाण्याखालच्या फळीच्या सुमारे अडीच मीटर वर लागतो. म्हणजे ८ मीटर वाऱ्यात उलथवणारे परिबल ५० गुणिले २.५, म्हणजे १२५ किलो-मीटर. त्याला तोलणार ते दोन खलाशी. दोघांचे वजन १२० किलो, आणि कडेबाहेर झुकून ते मध्यरेषेपासून सुमारे १ मीटरवर. १२० किलो-मीटर. यापुढे वारा वाढला की शीड सैल सोडावेच लागते. मुले नेहमी विचारतात की शिडाची दोरी बांधून का टाकत नाहीत; हे आकडे त्याचे उत्तर देतात.

हेच परिबल होडीपर्यंत पोचते ते बाजूच्या तारेतून. ती डोलकाठीच्या बुडापासून फक्त ०.७ मीटरवर जखडलेली असते. १२० भागिले ०.७, म्हणजे तारेत सुमारे १७० किलोचा ताण. तार वर ओढते, म्हणून डोलकाठी तितक्याच जोराने खाली दाबते. शीड चढवणाऱ्या दोरीची आणि पुढच्या तारेची ओढ मिळवली की दोनशेच्या वर. हा सगळा भार एका पोस्टकार्डाएवढ्या ठोकळ्यावर, आणि आमचा ठोकळा बोटाने खरवडता येत होता. नवा ठोकळा सागाचा बसवला. त्याच्या बुडाशी पाणी वाहून जायला एक भोक ठेवले, जे मूळच्या ठोकळ्यात रंगाने बुजले होते.

तारा स्टेनलेस स्टीलच्या होत्या आणि दिसायला चांगल्या. ३ मिलिमीटरची नवी तार सातशे किलोच्या आसपास भार घेते, तेव्हा काळजी कसली? काळजी टोकांची. या पोलादाला गंजापासून वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा, आणि तो टिकायला ऑक्सिजन लागतो. टोकाला तार एका नळीत दाबून बसवलेली असते. तिथे खारे पाणी शिरते, ऑक्सिजन संपतो, पापुद्रा फुटतो आणि तार आतून खाल्ली जाते. कापसाचा बोळा तारेवरून फिरवला. एका टोकाजवळ तो अडकला. एक धागा तुटलेला होता. एक धागा तुटला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे, म्हणून तिन्ही तारा बदलल्या.

डोलकाठी ॲल्युमिनियमची आणि तिच्यावरचे रिव्हेट स्टेनलेस स्टीलचे. रिव्हेटांभोवती पांढरी भुकटी जमली होती. दोन धातू आणि मध्ये मिठाचे पाणी हा विद्युत घटच झाला, आणि त्यात झिजतो तो ॲल्युमिनियम. वर्गात ॲल्युमिनियमची पट्टी आणि स्टीलचा चमचा मिठाच्या पाण्यात बुडवून मल्टिमीटर जोडा, अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाब दिसेल. आम्ही नव्या जोडांखाली पातळ प्लॅस्टिकची चकती घातली आणि प्रत्येक फेरीनंतर डोलकाठी गोड्या पाण्याने धुण्याचा नियम केला. तेच गोडे पाणी होडीच्या पोटात साठू द्यायचे नाही, ही त्यातली गंमत.

डोलकाठी किती मागे कलवायची हे पुठ्ठ्यावर ठरवले. शिडांची आकृती कापून, ती दोन टोकांनी टांगून ओळंब्याने मध्य काढला. हा मध्य पाण्याखालच्या फळीच्या मध्यापेक्षा जरासा मागे असला की होडी आपणहून वाऱ्याकडे तोंड वळवू पाहते. सुकाणू हातातून सुटले तर ती वाऱ्यात वळते, शिडे फडफडतात आणि ती थांबते. शिकाऊ मुलांसाठी हेच हवे.

भरलेली होडी उपसता येते का?

ही चाचणी आम्ही शेवटी ठेवली, आणि ती सर्वांत महत्त्वाची. अशी होडी उलटतेच. सरळ केली की ती पाण्याने काठोकाठ भरलेली असते. तिला तरंगत ठेवतात त्या आत बांधलेल्या हवेच्या पिशव्या. ६० लिटरची पिशवी पूर्ण बुडाली की जवळजवळ ६० किलो जोराने वर उसळते, म्हणजे तिचे पट्टे ज्या स्क्रूंनी लाकडात बसवले आहेत त्यांच्यावर तेवढी ओढ येते. जुने स्क्रू हाताने निघाले. नव्या पट्ट्यांना लाकडाच्या मागून पट्टी देऊन बोल्ट घातले.

मग कमरेएवढ्या पाण्यात होडी मुद्दाम भरली आणि दोघे जण आत बसले. होडी बुडाली नाही. पण फळी ज्या पेटीतून खाली सोडतात तिचा वरचा काठ पाण्याखाली ५ सेंटिमीटर गेला. पेटी तळातून समुद्राला उघडी असते. फट ६० सेंटिमीटर लांब, मोकळी रुंदी १ सेंटिमीटर. आतली पातळी काठापर्यंत खाली आणली की या ५ सेंटिमीटर फरकाने सेकंदाला साडेतीन लिटरच्या आसपास पाणी आत येते. म्हणजे दर तीन सेकंदांना दहा लिटरची एक बादली. दमलेले मूल याहून जलद उपसू शकत नाही. पिशव्या नाळेत आणि मागे आणखी दोन वाढवल्या आणि चाचणी पुन्हा घेतली. या वेळी पेटीचा काठ पाण्याच्या चार बोटे वर राहिला. एकाने होडी धरली, दुसऱ्याने बादली घेतली, आणि त्रेसष्ट बादल्यांनंतर तळाच्या फळ्या दिसू लागल्या.