दाढ ठणकण्याआधी

नगर जिल्ह्याला साखर नवी नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याला आता सत्तर वर्षं उलटून गेली. त्याच परिसरातल्या लोणीत १९९० मध्ये ग्रामीण दंत महाविद्यालय सुरू झालं. पुढे संगमनेरलाही दंत महाविद्यालय निघालं. तालुक्याच्या गावांत तर दातांचे दवाखाने आता गल्लोगल्ली दिसतात. तरीही बहुतेक लोक त्या खुर्चीत बसतात ते दाढेच्या ठणक्याने रात्र जागून काढल्यावरच. तोवर लवंग धरून झालेली असते आणि मेडिकलमधून आणलेल्या गोळ्याही संपलेल्या असतात.

अडचण अशी की दुखणं ही किडीची शेवटची पायरी. दाताच्या वरच्या कवचात, म्हणजे इनॅमलमध्ये, नसा नसतात. दातावर साचलेल्या थरातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि कवचातली खनिजं झिजू लागतात. आधी खडूसारखा पांढुरका डाग पडतो. या टप्प्यावर लाळ आणि फ्लोराइडच्या मदतीने झीज भरून निघू शकते. पुढे खड्डा पडतो, पण तोही लहान असेल तर एका बैठकीत भरता येतो. कीड आतल्या थरात उतरली की गार पाण्याने झिणझिण्या येतात. ती नसेपर्यंत पोचली की ठणका लागतो, आणि मग रूट कॅनाल करून कॅप बसवा, नाहीतर दात काढा, एवढंच उरतं. फेऱ्याही वाढतात, पैसेही. गळीत हंगाम संपला की कारखान्यात मशिनरी खोलून दुरुस्त करतात. ‘अजून कुठे मोडलंय?’ म्हणून कोणी ते काम पुढे ढकलत नाही. दातांच्या तपासणीचा हिशोबही तोच.

दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत केसपेपर काढला की आधी सगळं तोंड तपासतात. एक शिकाऊ डॉक्टर आरसा आणि बारीक हत्यार घेऊन आकडे सांगतो, दुसरा लिहून घेतो. ‘थर्टी सिक्स’ म्हणजे खालच्या जबड्यात डाव्या बाजूचा, मधल्या रेषेपासून सहावा दात. मग खुणा असलेली बारीक सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत हलकेच उतरवतात. खोली तीन मिलिमीटरपर्यंत असेल तर सहसा ठीक. चार, पाच, सहा असे आकडे येऊ लागले, शिवाय रक्तही आलं, तर हिरडी दाताला सोडू लागली आहे असं समजायचं. दात हलायला लागण्याच्या कितीतरी आधी हे आकडे बोलतात. म्हणून केसपेपर आणि एक्स-रे जपून ठेवा आणि पुढच्या वेळी सोबत न्या. मागच्या वेळचे तीन या खेपेला पाच झाले, हे कळण्यातच नियमित तपासणीचा निम्मा फायदा आहे.

उरलेला निम्मा पेशंटच्या हातात असतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यावीत. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नये, पण ती चालू आहे हे सांगितल्याशिवाय दातही काढून घेऊ नये. हाडांच्या ठिसूळपणावरचं औषध किंवा इंजेक्शन, हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन, गरोदरपण, औषधाची अ‍ॅलर्जी हेही आधी सांगावं. मधुमेह असेल तर ताजा रिपोर्ट न्यावा आणि नाश्ता व गोळी वेळेवर घेऊनच जावं. साखर वाढलेली असली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणं अवघड होतं.

तंबाखूचं मात्र कोणी सरळ सांगत नाही. ‘तंबाखू खाता का, मावशी?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. ‘मिश्री लावता का?’ म्हटलं की ‘ती सकाळ-संध्याकाळ लागतेच.’ मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण दात घासायच्या वस्तूला व्यसन कोण म्हणणार? राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली, तरी सुपारी-मावा सुटलेला नाही. म्हणून गाल, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा पाहून घ्यायला डॉक्टरांना आवर्जून सांगावं. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तिखटाने होणारी आग, तीन बोटं मावणार नाहीत इतकं कमी उघडणारं तोंड, यातलं काहीही असेल तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये.

खुर्चीतून उठण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात: नेमकं काय झालंय, सहा महिने थांबलो तर काय होईल, दुसरा उपाय कोणता, आणि कॅपसकट एकूण खर्च किती? एक्स-रेवर कीड दाखवा म्हटल्याने चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही. दोन दातांमधली कीड बऱ्याचदा एक्स-रेतच दिसते. क्लिनिंगने दात हलतात ही भीतीही सोडून द्यावी. साचलेलं कीटण निघाल्यावर फटी जाणवतात आणि काही दिवस गार लागतं, एवढंच. हिरडी सैल केलेली असते ती त्या कीटणाने. वरचा दात काढला की नजर जाते, हाही गैरसमजच. नजरेची नस वेगळी, दाताची वेगळी.

किती दिवसांनी जायचं? ‘दर सहा महिन्यांनी’ हा सरसकट नियम नाही. इंग्लंडच्या ‘नाइस’ संस्थेने २००४ मध्येच सांगितलं की धोका पाहून मोठ्यांसाठी हे अंतर तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत ठरवावं. मुलांना मात्र वर्षाच्या आत दाखवावंच. मधुमेही, तंबाखू खाणारे, तारा लावलेली मुलं यांनी लवकर जावं. तुमचं अंतर किती, हे डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घ्या.

घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल तर दिवाळीच्या सुट्टीतच त्याला दाखवा. या वयात सगळ्यात मागे जी दाढ येते ती दुधाची नसते. कोणताही दात न पडता ती गुपचूप उगवते आणि ‘पडेलच की’ म्हणून दुर्लक्षात किडते. तिच्या खाचा वेळीच बुजवून घेता येतात, त्याला सीलंट म्हणतात. फराळाला मात्र बंदी नको. चार वेळा येता-जाता शंकरपाळी तोंडात टाकण्यापेक्षा ताट घेऊन एकदाच बसावं, कारण दातांना साखर किती खाल्ली यापेक्षा कितीदा खाल्ली हे जास्त जाचतं. रात्री फ्लोराइडच्या पेस्टने दात घासल्यावर पाण्याशिवाय काही खाऊ-पिऊ नये. एवढं सांभाळलं, तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना करायला फारसं काही उरणार नाही, आणि पैसे वसूल झाले असं म्हणायचं ते त्याच फेरीला.