देणे कसे द्यावे : पु. ल. आणि सुनीताबाई



दरवर्षी सर्वसाधारण सभेपुढे नफा-वाटणीचा विषय येतो. त्यात धर्मादायासाठी ठेवायच्या रकमेचाही उल्लेख असतो. मागून "मंजूर, मंजूर" असा आवाज उठतो आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. शाळेची खोली, दवाखान्याची खाट, पूरग्रस्तांना मदत ही कामे चांगलीच. पण हा पैसा कोणाचा? लागणीपासून मोळी गव्हाणीत पडेपर्यंत ज्याने राबायचे, त्याच्या बिलात जे पडले नाही, त्यातलाच हा हिस्सा आहे. तेव्हा तो कसा दिला जातो, हे आपणच पाहायला हवे.

याचा धडा घ्यायला आपल्याला लांब जायला नको. आपल्या मालवण तालुक्यातल्या धामापूरशी घरचे नाते असलेल्या सुनीताबाई देशपांडे आणि त्यांचे पती पु. ल. देशपांडे यांनी तो घालून दिलेला आहे.

पु. ल. सर्वांना हसवणारे म्हणून ठाऊक आहेत. पण त्या हसण्याच्या तिकिटांचे पुढे काय झाले, हे फारसे बोलले जात नाही. पूर्वीच्या सुनीता ठाकूर बेचाळीसच्या चळवळीत उतरलेल्या. 12 जून 1946 रोजी रत्नागिरीला दोघांचे लग्न झाले ते नोंदणी पद्धतीने, आठ आण्यांच्या फॉर्मवर. बँडबाजा नाही, जेवणावळी नाहीत. पुढे 'बटाट्याची चाळ', 'वाऱ्यावरची वरात' यांच्या प्रयोगांना गर्दी लोटू लागली, पुस्तके खपू लागली, पैसा आला. राहणी मात्र बदलली नाही. 1960 च्या दशकात त्यांनी पु. ल. देशपांडे फाउंडेशन हा विश्वस्त निधी उभा केला आणि प्रयोगांचे व पुस्तकांचे उत्पन्न त्यातून समाजाकडे वळवले. हिशेबाची बाजू सुनीताबाईंकडे. त्या मोठ्या काटेकोर. पैसा लोकांच्या खिशातून आला, तो लोकांकडेच नीट पोचला पाहिजे, असा त्यांचा खाक्या.

एक उदाहरण सांगतो. 1980 नंतरच्या काळात शहरांतली तरुण मुले गर्दच्या आहारी जाऊ लागली. 'ब्राउन शुगर' हे त्याचेच दुसरे नाव. आपण साखरवाले, पण ही साखर घरेदारे खाणारी. डॉ. अनिल अवचटांनी त्यावर लिहिले. ते वाचून देशपांडे पति-पत्नी अस्वस्थ झाली. नुसती हळहळून थांबली नाहीत. व्यसनमुक्तीचे केंद्र काढा, एक लाख रुपये आम्ही देतो, असा निरोप त्यांनी अवचटांना धाडला. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. सुनंदा अवचट यांनी ते मनावर घेतले आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झाले. ते आजही चालू आहे, आणि व्यसनातून सुटून घरी परतलेली माणसे महाराष्ट्रभर आहेत.

यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पैसा आधी आला, संस्था मागून. चालत्या गाड्याला हात लावणारे पुष्कळ मिळतात. रुतलेला गाडा पहिल्यांदा हलवायला मात्र कोणी पुढे येत नाही. शिवाय काम कोण करील, हे पारखून त्यांनी त्या माणसावर सोपवले, आणि संस्थेच्या नावात आपले नाव घातले नाही.

दुसरे उदाहरण पुण्याच्याच 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेचे. डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. 12 जून 2000 रोजी, लग्नाच्याच तारखेला, पु. ल. गेले. त्यानंतर सुनीताबाईंच्या देणगीतून तिथे शाळकरी मुलांसाठी विज्ञान शोधिकेची इमारत उभी राहिली. इमारतीचे नाव 'पुलस्त्य'. सप्तर्षींतला हा एक तारा. पु. ल. त्यात आहेतही आणि नाहीतही! मुले तिथे येऊन स्वतःच्या हाताने प्रयोग करून पाहू लागली. सुनीताबाई 2009 साली गेल्या.

आपल्या धामापूरचे तळेच पाहा. 1530 साली नागेश देसाई यांनी ते बांधले. बांधणारा कधीच गेला, पाणी अजून शेतांना मिळते. 2020 साली या तळ्याला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान मिळाला. दान असे असावे, की देणाऱ्यामागे त्याचे पाणी वाहत राहावे.

कोणी म्हणेल, ती मोठी माणसे, त्यांची गोष्ट वेगळी. खरे आहे. त्यांनी स्वतःच्या कमाईतले दिले. आपले संचालक मंडळ देते ते तुमच्या-आमच्या घामाचे. म्हणून तर जास्त जपायला हवे. नाहीतर हलवायाच्या घरावर तुळशीपत्र व्हायला वेळ लागत नाही.

तेव्हा येत्या सभेत तीन गोष्टी विचाराव्यात, असे आम्हांला वाटते. रक्कम कोणत्या कामाला, आणि ते काम करणारा माणूस कोण? गतसाली दिलेल्या पैशांचे काय झाले, ते सभेत वाचून दाखवणार का? आणि कोनशिलेवर नाव कोणाचे? तिथे एका माणसाच्या नावाऐवजी 'सर्व ऊस उत्पादक सभासद' एवढेच कोरले, तर ते खरे होईल.

उत्तरे मिळाली, की मग खुशाल हात वर करा.