स्क्रू ‘स्लिप’ झाला? जोर नको, युक्ती हवी

नाशिक : खंडेनवमी जवळ आली, की शहरातील सोसायट्यांच्या आवारात वाहनांची साफसफाई सुरू होते. चार महिने पाऊस आणि चिखल सोसलेली दुचाकी धुवावी, जुन्या गाडीचा कार्बोरेटर उघडावा, ब्रेक ऑइल बदलावे, असा बेत अनेक जण आखतात. पुष्कळदा तो एका लहानशा स्क्रूपाशी येऊन अडतो. स्क्रू ड्रायव्हर फिरतो, स्क्रू मात्र जागचा हलत नाही. दोन-तीन प्रयत्नांत त्याच्या डोक्यावरील खाच गुळगुळीत होते. गॅरेजच्या भाषेत तो ‘स्लिप’ होतो.

नुकसान चार-दोन रुपयांच्या स्क्रूचे असले, तरी प्रश्न तेवढ्यावर संपत नाही. चुकीच्या जागी चुकीचा जोर लावल्यास इंजिनाचे झाकण तडकू शकते; आणि स्क्रू ब्रेकच्या डबीचा असेल, तर काम ‘पुढच्या वेळी पाहू’ म्हणून सोडून देणे जिवावर बेतू शकते.

पेच का जखडतो?

दुचाकीच्या इंजिनाचे आवरण ॲल्युमिनियमचे आणि स्क्रू पोलादाचा असतो. या दोन धातूंमध्ये पावसाचे पाणी शिरले, की ॲल्युमिनियम झिजू लागते. त्यातून तयार होणारे पांढरे ऑक्साइड मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते आणि आटे घट्ट जखडून टाकते. म्हणूनच वरून चकचकीत दिसणारा स्क्रूही आतून अडकलेला असू शकतो.

दुसरे कारण हातातील हत्यारात दडलेले आहे. अधिक चिन्हाच्या खाचेला बोलीभाषेत सरसकट ‘स्टार’ म्हणतात. पण अशा सर्व खाचा सारख्या नसतात. अमेरिकेतील हेन्री फिलिप्स यांच्या नावाने ओळखली जाणारी खाच 1930 च्या दशकात मोटार उद्योगात आली. तिच्या कडा उतरत्या असल्याने जोर वाढताच स्क्रू ड्रायव्हर वर उचलला जातो. जपानने स्वतःचे ‘जेआयएस’ मानक ठरविले. त्यातील खाच दिसायला तशीच, परंतु मापात किंचित निराळी असते. 1980 च्या दशकात हिरो होंडा, सुझुकी, यामाहा, कावासाकी यांच्या सहकार्यातून भारतात आलेल्या दुचाकींबरोबर हे जपानी स्क्रूही आले. बाजारातील साधा फिलिप्स ड्रायव्हर त्यांत पुरता बसत नाही आणि खाचेचे कोपरे खातो. स्क्रूच्या डोक्यावर बारीक ठिपका असेल, तर तो जपानी मानकाचा समजावा.

मापही महत्त्वाचे. साधारणतः 3 ते 5 मिलिमीटरच्या स्क्रूला 2 क्रमांकाचा, तर 6 मिलिमीटरच्या स्क्रूला 3 क्रमांकाचा ड्रायव्हर लागतो. घरातील एकच ड्रायव्हर सगळीकडे चालविण्याची सवय येथे महागात पडते.

पहिल्या घसरणीलाच थांबावे

ड्रायव्हर एकदा निसटला, की लगेच थांबणे हाच सर्वांत स्वस्त उपाय होय. प्रथम खाचेतील माती टोकदार तारेने काढावी. स्क्रूच्या कडेला गंज सैल करणारा स्प्रे मारून काही तास, शक्य तर रात्रभर जाऊ द्यावेत. त्यानंतर योग्य मापाचा ड्रायव्हर खाचेत उभा धरून हातोडीचे हलके ठोके द्यावेत. जखडलेले आटे त्या हादऱ्याने सुटतात. फिरवताना पिळापेक्षा दाब अधिक असावा. किंचित घट्ट करून मग सैल करण्याचाही उपयोग होतो.

उष्णताही मदतीला येते. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे पकड ढिली होते. इंजिनाच्या झाकणावर कडकडीत पाणी ओतणे त्यासाठी पुरेसे ठरते. पेट्रोलच्या आसपास ज्योत मात्र कदापि नेऊ नये.

इंजिनाच्या झाकणासाठी ‘इम्पॅक्ट ड्रायव्हर’ हे हत्यार उत्तम. त्यावर हातोडा मारला, की ठोक्याचा जोर खाली दाबतो आणि त्याच क्षणी स्क्रू फिरवतोही. कार्बोरेटरसारख्या नाजूक ओतीव भागावर मात्र ते वापरू नये.

वर्तुळाकार डोके बाहेर आलेले असेल, तर लॉक होणाऱ्या पकडीने ते कडेने धरून फिरवता येते, किंवा हॅक्सॉने त्यावर सरळ खाच पाडून चपटा ड्रायव्हर लावता येतो.

ब्रेकच्या डबीची गोष्ट वेगळी

डिस्क ब्रेकच्या गाडीत हँडलवर छोटी डबी असते. तिच्या झाकणाचे दोन बारीक स्क्रू लवकर स्लिप होतात. ‘ब्रेक ऑइल’ हे नाव रूढ असले, तरी नेहमी वापरला जाणारा डॉट 3 वा डॉट 4 द्रव तेल नसतो. त्यात गंजाचा स्प्रे किंवा साधे तेल मिसळल्यास आतील रबरी सील फुगतात आणि ब्रेक दगा देऊ शकतो. म्हणून येथे स्प्रे वर्ज्य. ड्रिलही घरी चालवू नये. धातूचा कीस द्रवात पडतो.

हे स्क्रू निघत नाहीत म्हणून द्रव बदलणे टाळणेही तितकेच घातक. हा द्रव हवेतील ओलावा शोषतो. नव्या डॉट 4 द्रवाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषलेल्या द्रवासाठी ही किमान मर्यादा 155 अंशांवर येते. कसारा घाट उतरताना सतत ब्रेक दाबला, तर असा द्रव तापून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर नुसताच हँडलला टेकतो. योग्य ड्रायव्हर आणि हलके ठोके यांनी काम झाले नाही, तर गाडी थेट गॅरेजमध्ये न्यावी.

शेवटचा उपाय

इंजिनाच्या झाकणाचा स्क्रू काही केल्या निघेना, तर सेंटर पंचने मध्य साधून ड्रिलने फक्त त्याचे डोके उडवावे. डोके गेले, की ताण संपतो. झाकण सुटते आणि उरलेला दांडा अनेकदा पकडीने सहज फिरतो. दांड्यात भोक पाडून उलट्या आट्यांचा ‘इझी आउट’ घालण्याचा मार्गही आहे. पण तो आत तुटला, तर त्याच्या कठीण पोलादावर साधे ड्रिल चालत नाही. तेथे लेथवरील कारागीर गाठणेच शहाणपणाचे. सातपूर, अंबड या औद्योगिक वसाहतींच्या शहरात असा कुशल हात दुर्मीळ नाही. खराब झालेल्या आट्यांत तारेचे ‘हेलिकॉइल’ बसवून ते पूर्ववत करता येतात.

जुना स्क्रू पुन्हा लावू नये. त्याच लांबीचा आणि आट्यांचा नवा घ्यावा. शक्य असल्यास ॲलन पान्याचा घ्यावा. इंजिनाच्या झाकणाच्या स्क्रूला किंचित ग्रीस लावून, प्रथम बोटांनी आणि मग बेताने आवळावा. पुढच्या दसऱ्याला तो विनातक्रार निघेल.