बॉनेटवरचं नाव आणि ब्लॉकवरचा नंबर: जुना फार्गो ट्रक ओळखताना

मंडळी, सुरुवात आपल्या सोलापूरच्याच माणसापासून करूया. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म 1882 साली इथं सोलापुरात झाला. जहाजं, विमानं, साखर अशा अनेक उद्योगांत त्यांनी हात घातला आणि 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीच्या परवान्याने गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यांत ट्रकही होते: डॉज, डिसोटो आणि फार्गो.

आमच्यापुढे आलेला ट्रक फार्गो. शहराबाहेरच्या एका शेडमध्ये कित्येक वर्षं उभा. घरच्यांचं भंगारवाल्याशी बोलणं जवळपास पक्कं झालेलं, भाव किलोवर. "आजोबांची गाडी आहे हो, पण पार्टच मिळत नाहीत," एवढंच त्यांचं म्हणणं. आम्ही महिन्याभराची मुदत मागून घेतली. त्या महिन्यात आम्ही जे शिकलो ते आज सांगायचं आहे. पार्ट मिळत नाहीत असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा आपण चुकीच्या नावाने विचारत असतो.

म्हणजे काय, ते बघा. क्रायस्लरने 1928 साली डॉज कंपनी विकत घेतली, फार्गोही त्याच वर्षी. पुढे एकच ट्रक वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून वेगवेगळ्या नावांनी विकला जाऊ लागला. पुढची जाळी आणि नावाची अक्षरं बदलली, खालची यंत्रणा बहुतेक तीच. उलट, एकाच नावाखाली वेगळी घराणीही आहेत. लंडनजवळ क्यू इथं बनलेले ट्रकसुद्धा डॉज आणि फार्गो या नावांनी विकले गेले. म्हणून बॉनेटवरचं नाव हा शोधाचा आरंभ आहे, शेवट नाही.

मग ओळख पटवायची कशी? सगळ्यात आधी आरसी बुक काढा आणि त्यातला चासी नंबर व इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहा. चासीवर घासायला पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर लावू नका, अक्षरं कायमची जातील. रॉकेल आणि तारेचा मऊ ब्रश पुरतो. क्रायस्लरच्या जुन्या सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात नंबर ब्लॉकच्या डाव्या अंगाला, पुढच्या बाजूला, हेडच्या खाली एका सपाट उंचवट्यावर ठोकलेला असतो. दोन नंबर जुळले नाहीत तर घाबरायचं कारण नाही. त्या काळी पेट्रोल इंजिन काढून पर्किन्सचं पी-6 डिझेल बसवणं सर्रास चालायचं, आणि चेन्नईची सिम्पसन कंपनी पर्किन्सची इंजिनं इथंच बनवत होती. अशा गाडीत चासी एका घराण्याची, इंजिन दुसऱ्या. पार्ट शोधताना दोन्ही वेगळे धरायचे.

दुसरी खूण पाना आणि आटे. टाटा-मर्सिडीजचं माप मिलिमीटरमध्ये, अमेरिकन गाडीचं इंचात. अर्ध्या इंचाचा पाना म्हणजे 12.7 मिलिमीटर, त्यामुळे 13 चा पाना त्या नटावर बसल्यासारखा वाटतो आणि कोपरे खाऊन टाकतो. शिवाय क्रायस्लरच्या जुन्या गाड्यांत डाव्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. हे माहीत नसलं की माणूस पाइप लावून जोर करतो आणि बोल्ट तोडतो.

आता आमची चूक सांगतो. आम्ही "फार्गोचं हेड गॅस्केट" म्हणून एका दुकानातून फोनवर मागवलं. आलं, आणि बसेना. मग फुटपट्टी घेतली. क्रायस्लरच्या या सहा सिलिंडर इंजिनांत दोन लांब्या आहेत. एकाचं हेड साधारण 23 इंच, दुसऱ्याचं साधारण 25. पहिल्यात 218 आणि 230 घनइंचाची इंजिनं येतात, दुसऱ्यात 237, 251 आणि 265 घनइंचाची. एकाचं गॅस्केट दुसऱ्याला चालत नाही. आमचं निघालं 25 इंची. दुकानदाराचा दोष नव्हता, आम्ही मोजलंच नव्हतं.

पण त्या एका मापाने दार उघडलं. हे इंजिन घराणं नुसत्या फार्गोचं नाही. डॉजच्या लष्करी गाड्या, पॉवर वॅगन, प्लिमथ मोटारी, शिवाय कापणी यंत्रं अशा कितीतरी ठिकाणी ते वापरलं गेलं. "फार्गो" विचारलं की समोरचा मान हलवतो, "क्रायस्लर साइड व्हॉल्व्ह, 25 इंची" म्हटलं की तो आत जाऊन फडताळ बघतो. कुर्ला, पुण्याचा जुना बाजार, चेन्नईचं पुदुपेट, दिल्लीचं मायापुरी, कुठेही हीच भाषा चालते.

बाकीच्या बऱ्याच पार्टना तर गाडीचं नावही लागत नाही. बॉल बेअरिंगवर 6308 असेल तर शेवटच्या 08 ला पाचाने गुणा, आतलं भोक 40 मिलिमीटर. टेपर बेअरिंगच्या आतल्या आणि बाहेरच्या भागावर दोन वेगळे नंबर असतात, दोन्ही लिहून घ्या. ऑइल सीलला आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी पुरते. क्राउन-पिनियन हवं असेल तर दोन्हींचे दाते मोजा. 41 आणि 7 असतील तर गुणोत्तर साधारण 5.86. आणि जुना तुटका पार्ट कधीही फेकू नका, कारण नवा बनवायचा झाला तर तोच नमुना. सोलापूरला ओतकाम आणि लेथकाम नवं नाही. इथली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स जगभरच्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते.

एक पथ्य मात्र पाळा. ब्रेक आणि स्टिअरिंगमध्ये "जवळपास बसतंय" हे चालायचं नाही. व्हील सिलिंडरचं रबर नेमक्या बोअरचंच हवं, आणि ब्रेकमध्ये इंजिन ऑइल घातलं तर ते रबर फुगून ब्रेक निकामी होतो. भरलेला ट्रक उतारावर थांबला नाही तर हौस कुणाच्या तरी जिवावर बेतते.

आमचा फार्गो अजून रस्त्यावर आलेला नाही. गॅस्केट मिळालं, ब्रेकचं काम चालू आहे. भंगाराचा सौदा मात्र घरच्यांनी मोडला. तुमच्या माहितीत असा ट्रक उभा असेल तर काट्यावर चढण्याआधी तीन गोष्टी करा: चासी नंबरचा फोटो, इंजिन नंबरचा फोटो आणि हेडवर टेप लावून लांबी. अर्ध्या तासाचं काम आहे.