कोणत्या पाण्याला कोणती वाट

बीड शहरात बिंदुसरेच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर कसं जायचं, हा प्रश्न वर्षातले बरेच महिने कोणाला पडतच नाही. उन्हाळ्यात तर पात्रातून सरळ चालत जाता येतं. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात नदी ओलांडण्यावर लेख लिहावा, हे बाहेरच्या माणसाला नवल वाटेल. पण नकाशा पाहा. जिल्ह्याची उत्तरेची हद्द गोदावरीने आखली आहे, मधून सिंदफणा वाहते, दक्षिणेकडे मांजरा आहे, आणि बिंदुसरेने बीड शहराचेच दोन भाग केले आहेत. या नद्या एरवी अडवत नाहीत. अडवतात तेव्हा मात्र पुरत्या अडवतात. त्या दिवशी दवाखाना, शाळा, बाजार कोणत्या काठावर आहे यावरच सगळं ठरतं.

यातलं मुख्य सूत्र असं की नदीवरच्या प्रत्येक वाटेला पाण्याची स्वतःची एक पातळी असते. त्या पातळीपर्यंत वाट चालू, तिच्या वर बंद. पाणी चढत गेलं की वाटा खालून वर एकेक करून मिटतात. म्हणून सगळ्यात खालच्या वाटेपासून सुरुवात करू.

कोल्हापुरी बंधारा मुळात पाणी अडवण्यासाठी असतो, रस्त्यासाठी नसतो. पावसाळा ओसरला की त्याच्या खांबांमध्ये दारं बसवतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी ती काढतात. पण खांबांवरून जाणारी अरुंद पट्टी शेतकऱ्याला आयतीच मिळते, म्हणून दूधवाले, शाळेची मुलं, मोटारसायकली सगळे तिच्यावरून जातात. दारं वेळेवर काढली नाहीत तर पहिल्याच मोठ्या पुरात पाणी कडेची माती खाऊन बाजूने वाट काढतं. बंधारा जागेवर उभा राहतो आणि काठ वाहून जातो. मग पाणीही अडत नाही आणि वाटही राहत नाही.

त्याच्या वरची पायरी फरशी पुलाची. खाली सिमेंटच्या नळ्या, वर काँक्रीटची फरशी. पूर आला की पाणी वरून जाऊ द्यायचं, ही त्यामागची कल्पना; म्हणूनच त्याला भक्कम कठडे नसतात. कठडे असले तर वाहून आलेल्या बाभळी, उसाचं पाचट, काटेरी झुडपं त्यांत अडकतात, त्यांचाच बांध होतो आणि सगळा पूल उखडतो. खर्चाच्या मानाने ही रचना शहाणपणाचीच आहे. धोका वेगळाच आहे. गढूळ पाण्याखाली फरशीची कड दिसत नाही. शिवाय फरशीवरून पलीकडे पडणारं पाणी खालच्या अंगाला खड्डा करत जातं आणि तो वरून कळत नाही. फूटभर वाहतं पाणी मोटारसायकल ओढून नेऊ शकतं, दोन फुटांत हलकी चारचाकी तरंगू लागते. गाडी जड आहे म्हणून ती टिकेल, हा समज जिवावर बेततो. पाण्याने ती उचलली की तिच्या टायरांची जमिनीवरची पकड सुटते आणि वजनाचा काही उपयोग राहत नाही. पाणी फरशीवर आलं की थांबायचं आणि ते उतरेपर्यंत थांबून राहायचं.

आता होडी. पुरात होडी कामाची नाही. तिला साठलेलं, संथ पाणी लागतं. मराठवाड्यात असं पाणी धरणांनी आणि बंधाऱ्यांनी केलं. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि त्याच्या मागे नाथसागर पसरला. पुढे सिंदफणेवर माजलगावचं धरण झालं आणि जायकवाडीचा उजवा कालवा त्याला येऊन मिळाला. पैठणच्या खाली गोदावरीवर बंधाऱ्यांची रांग उभी राहिली. जिथे पूर्वी हिवाळ्यात पात्र चालत ओलांडता येत होतं, तिथे आता महिनोन्‌महिने खोल पाणी असतं. सिंचनाला हे हवंच होतं. पण ज्यांचं घर एका काठावर आणि शेत दुसऱ्या काठावर, त्यांची पायवाट या पाण्याने गिळली, आणि तिच्या बदल्यात पूल मात्र सगळीकडे मिळाला नाही.

ही उणीव चप्पूने भरून काढली. थर्माकोलचे जाड तुकडे एकत्र बांधायचे, वरून जाळी किंवा कापड ताणायचं, एक वल्हं घ्यायचं. कुठे एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत दोर बांधलेला असतो, तो हाताने ओढत पुढे सरकायचं. एक घनमीटर थर्माकोलचं वजन साधारण पंधरा-वीस किलो. तो पुरता बुडवायला मात्र हजार किलोच्या आसपास भार लागतो. त्यामुळे चप्पू सहसा बुडत नाही, पण उलटतो. सगळा भार वर आणि खाली काहीच वजन नाही, अशी त्याची स्थिती असते. एक माणूस उभा राहिला किंवा सगळे एका कडेला सरकले की तोल गेलाच. म्हणून बसायचं ते मध्ये, खाली, पाय पसरून. शेजारच्या जिल्ह्यातल्या गंगापूर तालुक्यात भिवधानोऱ्याची मुलं नाथसागराचं पाणी थर्माकोलवरून ओलांडून शाळेत जात होती. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्याची दखल घेतली. शाळेच्या वाटेसाठी न्यायालयाने लक्ष घालावं लागणं ही आपल्या सगळ्यांना बोचावी अशी गोष्ट आहे. लाकडी होडीची जुनी परंपरा भोई समाजाने जपली आहे. गेवराई तालुक्यात पांचाळेश्वरला महानुभावांचं आत्मतीर्थ गोदावरीच्या पात्रातच आहे, तिथे पाणी असलं की भाविक होडीनेच जातात.

बीड शहरात होडीचा प्रश्न येत नाही, कारण बिंदुसरेचं पाणी थांबतच नाही. ही नदी बालाघाटच्या डोंगरातून येते आणि शहर डोंगराच्या पायथ्याशी आहे. वर पालीजवळ बिंदुसरा प्रकल्प आहे. तो भरला की जादा पाणी सांडव्यावरून पडतं. बीडकर त्याला चादर म्हणतात आणि ती बघायला गर्दी करतात. पण डोंगरावर जोराचा पाऊस झाला आणि तलाव आधीच भरलेला असला, तर ते पाणी शहरात यायला फार वेळ लागत नाही. जुलै १९८९ चा महापूर ज्यांनी पाहिला, ते आजही वर डोंगरावर ढग दाटले की पुलाकडे नजर टाकतात. पाणी वाढलं की शहरातला दगडी पूल आधी बंद होतो, मग दोन्ही काठांची वर्दळ उंच पुलांवर येते. बार्शी नाक्याजवळचा महामार्गावरचा जुना पूल धोकादायक ठरल्यावर पात्रातून पर्यायी रस्ता काढला होता. पुराने तो वाहून नेला आणि सोलापूर–धुळे महामार्गाची वाहतूक अडली. नवा पूल आणि शहराबाहेरचा वळणरस्ता झाल्यापासून लांबच्या गाड्यांचा प्रश्न बराच सुटला. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला मात्र अजूनही पाण्याचा अंदाज घेऊनच पूल निवडावा लागतो.

गोदावरी ओलांडायची तर हाच महामार्ग गेवराईहून शहागडला नेतो. माजलगावहून पाथरीकडे जाणारा रस्ता ढालेगावला नदी पार करतो. पूल नव्हते तेव्हा गोदावरीने काय केलं, ते नदीकाठच्या राक्षसभुवनाला कळतं. १० ऑगस्ट १७६३. निजामअली फौजेचा एक भाग घेऊन उत्तर तीरावर गेला होता. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण तीरावर होता. नदीला पूर आला होता. माधवराव पेशव्यांनी नेमकं याच वेळी या तीरावरच्या फौजेला गाठलं. विठ्ठल सुंदर लढाईत मारला गेला आणि पलीकडचा निजाम मदतीला येऊ शकला नाही. फौज कमी नव्हती; निजामाची अर्धी ताकद चुकीच्या काठावर अडकली होती.

आज उंच पूल आहेत, तरी गोदावरीचा जोर कमी झालेला नाही. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस जायकवाडीतून सोडलेला विसर्ग तीन लाख क्युसेकच्या घरात गेला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. म्हणजे सेकंदाला ८५ लाख लिटरच्या आसपास पाणी. अशा वेळी मोठा पूल उभा राहतो, पण त्याच्याकडे येणारे गावरस्ते पाण्याखाली जातात. पूल चालू आहे असं ऐकून निघू नका. पुलापर्यंत पोचता येतं का, ते आधी विचारा.

राहिली रेल्वे. परळीला ती निजामाच्या काळापासून आहे. तिथून एक मार्ग गंगाखेडला गोदावरी ओलांडून परभणीला जातो, दुसरा लातूर रोडकडे. जिल्ह्याच्या मुख्य गावाला मात्र फार वाट पाहावी लागली. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. आष्टीपर्यंत गाडी आली ती सप्टेंबर २०२२ मध्ये, आणि बीडला आली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. त्याच आठवड्यात आष्टी तालुक्यात पुरात अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं होतं.

रेल्वेला नदी वेगळ्या रीतीने ओलांडावी लागते. रस्ता ओढ्यात उतरून पुन्हा चढू शकतो. गाडीला शंभर मीटरला मीटरभर चढसुद्धा भारी पडतो. म्हणून रूळ सखल भागात भरावावरून जातात, टेकडी आली की खोदाईतून, आणि नदीवर उंच पुलावरून. याचा फायदा असा की फरशी आणि छोटे पूल बंद झाले तरी रूळ बहुधा कोरडे राहतात. पुलाच्या खांबावर धोक्याची पातळी रंगवलेली असते. पावसाळ्यात कर्मचारी ती पाहतात आणि पाणी तिथवर आलं की गाडीचा वेग उतरवतात किंवा ती थांबवतात. तोटा असा की तोच भराव शेतातलं पाणी अडवतो. त्याखाली पुरेशा मोऱ्या नसल्या तर वरच्या बाजूची पिकं पाण्यात बसतात. आणि फाटकाऐवजी केलेल्या भुयारी रस्त्यांत पावसाळ्यात तळं साचतं. रेल्वे आली म्हणजे गावाची जुनी वाट आपोआप सुधारली, असं होत नाही.

बीडहून अहिल्यानगरला जाणारी डेमू प्रत्येक स्थानकावर थांबत जाते. वेळ एसटीपेक्षा जास्त लागतो, भाडं बरंच कमी. घाई असेल तर एसटी, सामान जास्त आणि पैसे कमी असतील तर गाडी, असा सरळ हिशेब आहे. वडवणी, सिरसाळ्यावरून परळीपर्यंतचा टप्पा पूर्ण झाला की बीडचं स्थानक मराठवाड्याच्या जुन्या मार्गांना जोडलं जाईल, आणि ढालेगावचा रस्ता अडला तरी परभणीला जायला लोकांकडे दुसरी वाट असेल. पण त्या स्थानकापर्यंत यायला सिंदफणेकाठच्या गावकऱ्याला आधी त्याचा फरशी पूल ओलांडावा लागेल. रेल्वेच्या उरलेल्या कामाइतक्याच नेटाने त्या फरश्यांची उंची वाढवण्याचं काम व्हायला हवं.